अक्षरं काही थांबेनात

यंत्राला लिहिताना मायना काय घालावा, या प्रश्नात माझी अर्धी रात्र गेली, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. 'प्रिय' म्हणावं तर ओळख नाही. 'महोदय' म्हणावं तर ते महोदय की महोदया, याची खात्री नाही. 'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि मग वाटलं, प्रेम कशावरून? बँकेच्या तपासणी विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला प्रेम आणि नमस्कार दोन्ही जपून वापरायची सवय लागते. शेवटी नुसतं 'संबंधितांस' एवढंच, तेही इंग्रजीत, लिहून मी पेन खाली ठेवलं. त्या एका शब्दाने पुढे काय अनर्थ केला ते ओघात येईलच.

हे लेखन माझ्या गळ्यात पडलं ते पुतणीमुळे. गौरी, माझ्या धाकट्या भावाची मुलगी, कलकत्त्याच्या न्यू टाउनमधल्या एका छोट्या कंपनीत लागली आणि बेहालाला आमच्याकडे राहायला आली. ही कंपनी संगणकाच्या पानावरची अक्षरं हलवायचं एक अवजार बनवते. म्हणजे असं, की आपण पान उघडलं की मथळ्यातली अक्षरं एकेक करून वरून टपकतात, किंवा लाटेसारखी हेलकावे खातात, किंवा कुणी अदृश्य टायपिस्ट बसल्यासारखी पटापट उमटतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असं समजून डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती.

इथवर ठीक होतं. पण गौरीने पुढचं सांगितलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. हे अवजार आता माणसं वापरतच नाहीत. गिऱ्हाईक नुसतं म्हणतं, लग्नाची पत्रिका करून दे. मग एआय एजंट नावाचा एक प्रोग्रॅम त्या अवजाराचं माहितीपत्रक वाचतो, आपल्या अकलेने अक्षरं कशी हलवायची ते ठरवतो आणि पत्रिका करून मोकळा होतो. तेव्हा माहितीपत्रक लिहायचं ते या एजंटासाठी. ते लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेला होता आणि काम गौरीवर येऊन पडलं होतं. तिचं प्रोबेशन महिनाअखेर संपत होतं. तिच्या साहेबांनी, ऋषभ त्यांचं नाव, सौम्य शब्दांत सांगितलं होतं की येत्या शुक्रवारी गिऱ्हाइकासमोर प्रात्यक्षिक आहे, त्यात एजंटाने नीट काम केलं तर तिची नोकरी पक्की, नाहीतर दोघांनीही वाईट वाटून घेऊ नये.

गौरी प्रोग्रॅम उत्तम लिहिते म्हणतात. पण साधी रजेची चिठ्ठी लिहायची तर तिला घाम फुटतो. रविवारी दुपारी जेवताना तिने हे सांगितलं आणि वरणात चमचा फिरवत बसली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मी लिहून देतो. बँकेची दोनशे बारा पानांची शाखा कार्यपद्धती पुस्तिका कोणी लिहिली होती? या श्यामकांतने.

"तिजोरी उघडण्यावर सात पानं होती तिच्यात," माझी बायको मंजुषा भात वाढता वाढता म्हणाली. "आणि सातव्या पानाअखेर तिजोरी बंदच."

मी त्याकडे दुर्लक्ष केलं. सुरक्षितता या शब्दाचा अर्थ घरातल्या माणसांना सांगून कळत नाही.

आता, ज्याच्यासाठी लिहायचं त्याला पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझा नियम. कीर्तनकार बुवासुद्धा आधी समोर कोण बसलंय ते बघतात आणि मग पद लावतात. मला कीर्तनाचं वेड आहे. कलकत्त्यातली आम्ही मराठी मंडळी मिळून वर्षातून सात दिवस कीर्तन ठेवतो, आणि त्या सातही दिवशी बुवांच्या मागे टाळ घेऊन ध्रुपद धरायला मीच उभा असतो. बाकीचे तीनशे अठ्ठावन्न दिवस मी फोनवर ऐकतो. सांगायचा मुद्दा, मी सोमवारी सकाळी गौरीबरोबर तिच्या कचेरीत जाऊन एजंटाला समक्ष भेटायचं ठरवलं. बेहालाहून न्यू टाउन म्हणजे दोन बस आणि माणसाच्या सहनशीलतेची एक परीक्षा.

दाराशी त्यांनी एक फॉर्म भरायला दिला. भेटीचं कारण, ओळखपत्र, आणि खाली एक रकाना, 'एजंटांसोबत कामाचा पूर्वानुभव'. मी खरं ते लिहिलं. 'विम्याचे अकरा. सर्वांवर शेरे मारलेले आहेत.' मग गुप्ततेच्या कराराची सहा पानं आली. ती मी पेन्सिल घेऊन वाचली आणि तीन ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या. तोवर गौरीची पहिली मीटिंग संपली होती.

आत सहा खुर्च्या, पाच माणसं आणि एक बंद दार. ऋषभ यांनी संगणकावर एजंट दाखवला. मी एक प्रश्न लिहिला, त्याने चटकन उत्तर दिलं, आणि तेही विनयाने. इतक्या विनयाने बोलणारा माणूस मी तपासणीच्या काळात एकदाच पाहिला होता, आणि त्याच्या ड्रॉवरमध्ये बँकेचे शिक्के सापडले होते. माझी नजर राहून राहून त्या बंद दाराकडे जाई. आत कुणीतरी बसून टाइप करतंय याबद्दल माझी खात्री पटत चालली. शेवटी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठलो आणि दार उघडलं. आत एक गॅसची शेगडी होती आणि मुरीचा, म्हणजे आपल्या चुरमुऱ्यांचा, डबा. मी मुठीने थोडी मुरी घेतली, म्हणजे आत जाण्याला काही कारण राहील, आणि परत येऊन बसलो. गौरी टेबलाखाली बघत होती.

पण संशय असा एका मुरीच्या डब्याने फिटत नसतो.

मला मोठ्याने बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. कीर्तनाची सवय. त्याच दिवशी घरी परतल्यावर मी गॅलरीत फेऱ्या मारत इंग्रजीत मसुदा सांगत होतो आणि मंजुषा लिहून घेत होती. एजंटाने कुणालाही न विचारता काम सुरू करावे. एकेक करून सर्वांना वरून खाली पाडावे. काम झाल्यावर मागे काही खूण ठेवू नये. हे सगळं अक्षरांबद्दल होतं. पण खालच्या मजल्यावर मृणालबाबू तुळशीला पाणी घालत होते, आणि त्यांना 'अक्षर' हा शब्द तेवढा ऐकू आला नसावा.

मृणालबाबू आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. सरकारी खात्याच्या अभिलेख विभागातून निवृत्त झालेले. अर्ध्या तासात ते एक छापील नमुना घेऊन वर आले. सदनिकेत बाहेरच्या व्यक्ती कामासाठी येत असतील तर सोसायटीला कळवणे बंधनकारक. एजंटांची संख्या? मी म्हटलं, सांगता येत नाही, एकाच वेळी हजार असू शकतील. ओळखपत्रं? नाहीत. येण्याजाण्याची वेळ? चोवीस तास. मृणालबाबूंनी तिन्ही उत्तरं स्वच्छ अक्षरात लिहून घेतली आणि नमस्कार करून गेले. तिसऱ्या प्रहरी जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली की रहिवाशांनी अनोळखी एजंटांपासून सावध राहावे, काही सदनिकांमध्ये त्यांची ये-जा असल्याचे समजते. सदनिकेचा क्रमांक दिला नव्हता, पण बाण काढला होता.

संध्याकाळी मंजुषा भाजी घेऊन आली ती दाणकन पिशवी आपटतच. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्या रोज तिच्याशी पाच मिनिटं तरी गुडघ्यांबद्दल बोलतात, त्या आज तिला पाहून परत घरात गेल्या होत्या. मी मृणालबाबूंना चहाला बोलावलं, गौरीने त्यांना लॅपटॉपवर अक्षरं नाचवून दाखवली, आणि त्यांचं समाधान झालं. झालं म्हणजे काय, संशय माझ्यावरून उठून यंत्रावर बसला.

मग त्यांनी मला जो सल्ला दिला तो ऐकून मी खरं तर सावध व्हायला हवं होतं. पण सल्ला हिंदीत होता, आणि आपल्याकडे परक्या भाषेतला सल्ला अधिक खोल वाटतो.

"दादा, सब कुछ लिख के मत दीजिए," मृणालबाबू बशी खाली ठेवत म्हणाले. "एक सीढ़ी अपने पास रखिए."

त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलं. खात्यातल्या अकरा हजार फायलींची मांडणी त्यांनी कधीच कागदावर उतरवली नाही. निवृत्त झाल्यावर चौथ्या दिवशी दारात खात्याची जीप. पुढे दोन वर्षं महिन्यातून एकदा जीप. बायका गच्चीतून बघत. कधीकधी तर त्यांना नुसतं विचारायला यायचे, की दादा, अमुक फाइल कुठे असेल, आणि ते डोळे मिटून सांगायचे, तिसरी खोली, खिडकीकडचं कपाट, खालून दुसरा कप्पा.

मला एकदम माझ्या दोनशे बारा पानांची आठवण झाली. मी सगळं लिहून दिलं होतं, अगदी तिजोरीच्या बिजागरीला तेल कोणत्या वारी घालावं तेसुद्धा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. बँकेतून एक फोन नाही. एकदा आला होता, तो चुकून दुसऱ्या श्यामकांतसाठी. शहाणा माणूस हातचं राखतो आणि उरतो, आणि मी सगळं देऊन बसलो होतो, असं त्या वेळी मला फार तीव्रतेने वाटलं.

तेव्हा मी माहितीपत्रकातली एक पायरी गाळली. अवजाराच्या एकूण दहा पायऱ्या होत्या. नववी होती हलणारी अक्षरं थांबवायची कशी याची. लहानशीच. मी विचार केला, एवढी एक माझ्याकडे राहू दे. एजंट अडेल, गौरी धावत येईल, काका, आता काय करायचं, आणि काका डोळे मिटून सांगतील. शिवाय एखादा परका विनयशील इसम आपलं सगळं शिकून घेऊन उद्या आपल्यालाच दार दाखवणार नाही कशावरून? मी आठवरून थेट दहावर गेलो, आणि दहावीला नऊ आकडा दिला. तपासणीत अशी खाडाखोड मी पाहताक्षणी पकडत असे. करताना मी चक्क गुणगुणत होतो, याचं आता नवल वाटतं.

मंगळवारी गौरीने विश्वासाने ते पत्रक चढवलं. वाचून पाहिलं नाही, कारण काकांनी लिहिलंय.

गिऱ्हाईक कोण होतं ते सांगायला हवं. एस्प्लनेडजवळ शकुनजींचं पत्रिकांचं दुकान आहे. लग्न, अन्नप्राशन, श्राद्ध, सगळ्याच्या पत्रिका त्या चाळीस वर्षं छापत आल्या आहेत, आणि आता लोकांना त्या फोनवर हव्या असतात म्हणून त्यांनी गौरीच्या कंपनीला गाठलं होतं. मंगळवारी चाचणीसाठी एजंटाला तीन नमुने करायला दिले. लग्नाच्या पत्रिकेत वधूवरांची नावं फुलांसारखी वरून पडली, छान दिसली, आणि पडतच राहिली. पडून खाली गोळा झाली तरी वरून आणखी येत होती. तिसरा नमुना श्राद्धाचा होता. एजंटाला थांबायची पायरी सापडेना, तेव्हा त्याने आपल्या बुद्धीने एक शोधून काढली. अक्षरं तळाशी पोचली की त्यांनी चेंडूसारखी उसळी घ्यावी आणि पुन्हा खाली यावं. 'स्वर्गीय' हा शब्द तर त्याने मधोमध फोडला, त्यामुळे वेलांटी एकीकडे आणि ग दुसरीकडे असे ते स्वर्गवासी वर जात आणि खाली येत होते.

आणि पत्रकाच्या शेवटी मी सवयीने लिहिलं होतं, 'तयार झालेले काम संबंधितांस योग्य त्या कार्यवाहीस्तव पाठवावे.' एजंटाने ते संबंधितांस, म्हणजे शकुनजींना, पाठवून दिलं. सकाळी दहा वाजता. कुणाला न विचारता, मी लिहिलं होतं तसंच.

दुपारी त्यांचा ऋषभ यांना फोन आला. आवाज चढलेला नव्हता म्हणे. त्या इतकंच म्हणाल्या, "भाईसाहब, ये स्वर्गवासी सुबह से उछल रहे हैं. इनको कोई बैठाएगा?"

गौरी घरी आली ती चपला काढून सरळ आत जाऊन बसली. मंजुषाने शिरा केला होता, तोही तिने नको म्हटला. मी तपासणी अधिकाऱ्याच्या गांभीर्याने चौकशी चालवली. अवजारात दोष असेल. वीज गेली असेल. ऋषभ यांच्यावर मला पहिल्यापासून संशय होताच. ज्या माणसाच्या कचेरीत मुरीचा डबा दाराआड लपवून ठेवतात तिथे काय सांगावं. नववी पायरी माझ्या जिभेवर आली होती, पण ओठांतून बाहेर पडेना. मी नुसतं म्हटलं, मसुदा नव्याने करू.

गौरी म्हणाली, काका, त्याला मराठीही कळतं. तुम्ही बोलता तसं लिहा, कदाचित जमेल.

मी बोलतो तसं. हे वाक्य तिने माझ्यासमोर उच्चारायला नको होतं. बुधवारी पहाटे स्नान करून मी बसलो, आणि आठ तास लिहीत होतो. पूर्वरंग लिहिला, त्यात हलणं म्हणजे काय आणि स्थिर म्हणजे काय याचं निरूपण केलं. आधी नमन घातलं. प्रत्येक पायरीला दृष्टान्त दिला. अक्षरांची लाट कशी असावी, तर गंगेच्या घाटावर संध्याकाळी होडी गेल्यावर उठते तशी, फेरीबोट गेल्यावर उठते तशी नव्हे. नववी पायरीसुद्धा मी गुपचूप आत सरकवली, आख्यानाच्या मध्यावर, गजराच्या जरा आधी. उत्तररंगात एका राजाची गोष्ट रचली, ज्याच्या दरबारात अक्षरं सेवेला असतात. माझं मलाच भरून आलं. मंजुषाने वाचलं आणि राजाचं पुढे काय झालं ते विचारलं, यापेक्षा मोठी पावती मला आजवर मिळालेली नाही.

एजंटाने तेही मनोभावे वाचलं. मी म्हणतो, त्याच्या श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही. लग्नाची पत्रिका उघडली की आधी हात जोडलेले दिसत. मग दोन मिनिटं जगाच्या अस्थिरतेवर मजकूर. मग अक्षरं थोडी हलत, आणि थांबत. थांबत म्हणजे पूर्णच थांबत, कारण मी लिहिलं होतं की बुवा नामघोष सांगतात आणि श्रोत्यांनी तो मोठ्याने उचलल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तेव्हा पान वाट पाहत राही. खाली एक कोरी चौकट उघडे, आणि पाहुण्याने तिच्यात देवाचं नाव टाइप केल्याखेरीज लग्नाची तारीख काही दिसत नसे. गौरीच्या कचेरीतल्या एका मुलीने चुकून आपलंच नाव टाकलं. तिला एजंटाने नम्रपणे कळवलं की श्रोत्यांचा आवाज कमी पडतो आहे.

बुधवारी संध्याकाळी गौरी माझ्यासमोर येऊन बसली. हातात दोन्ही मसुद्यांचे कागद होते. ती रागावलेली नव्हती, आणि तेच मला जड गेलं.

"काका, या दुसऱ्यात थांबवायची पायरी आहे," ती म्हणाली. "पहिल्यात का नव्हती? मी तुम्हाला दहाही सांगितल्या होत्या."

एकतीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलो. समोरचा काय काय करतो ते मला पाठ आहे. चष्मा पुसतो. पाणी मागतो. मी चष्मा पुसला. पाणी मागितलं. मग सांगून टाकलं. मृणालबाबूंची जीप, बँकेचा न आलेला फोन, सगळं.

गौरीने दोन्ही कागद मांडीवर ठेवले. "म्हणजे मी अडून तुमच्याकडे यावं म्हणून?" ती म्हणाली. "मी तर रोजच येते ना, काका. पत्रक लिहायच्या आधीपासून."

मी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. आतून मंजुषा हात पुसत आली. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्या घरात भिंती नावापुरत्या आहेत.

"अहो, तुमचे बुवा," ती म्हणाली, "आख्यानाचा शेवट खिशात घालून गावाला गेलेत का कधी? म्हणे, पुढच्या वर्षी बोलवा, मग सांगतो?"

तिने टोमणाच मारला होता. पण खरं सांगतो, टाळ घेऊन मी पंधरा वर्षं उभा आहे आणि ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बुवा जे जे येतं ते सगळं भर सभेत ओतून रिकामे होतात, कपाळाला बुक्का लावून घेतात आणि पिशवी उचलून निघतात. तरी आम्ही त्यांना दर वर्षी बोलावतोच. शेवट कळलेला असतो तरीही बोलावतो.

गुरुवारी गौरीने रजा घेतली. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. ती अवजार काय करतं ते एका वाक्यात सांगे, मी ते एका वाक्यात लिही, आणि माझं वाक्य दुसऱ्या ओळीवर जायला लागलं की ती बोटाने टेबलावर टकटक करी. दहाच्या दहा पायऱ्या आल्या. थांबवायची पायरी तिने पहिल्या क्रमांकावर घेतली. जोडाक्षर फोडायचं नाही, वेलांटी अक्षराला सोडून एकटी फिरायची नाही. ज्यांना हालचालीचा त्रास होतो त्यांच्यासाठी सगळं आपोआप स्थिर. दुःखाचा प्रसंग असेल तर अक्षरं हलवू नयेत.

इथे मी अडलो. श्राद्धाच्या पत्रिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण प्रसंग दुःखाचा आहे की नाही हे दर वेळी कागदावरून कळतंच असं नाही. एजंटाला ते कळेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि अजून नाही. म्हणून शेवटची ओळ मी माझ्या स्वभावाला धरून घातली. 'जिथे शंका येईल तिथे स्वतः ठरवू नये. थांबावे आणि समोरच्या माणसाला विचारावे.' गौरीने टकटक केली नाही.

संपूर्ण पत्रक चौदा ओळींचं झालं. मला ते फार उघडंबोडकं वाटलं.

शुक्रवारी दुपारी प्रात्यक्षिक शकुनजींच्या दुकानातच होतं. मी गेलो, कारण घरी बसणं शक्य नव्हतं. छतापर्यंत पत्रिकांचे खोके, मध्ये एक उंच स्टूल, त्याच्यावर गौरीचा लॅपटॉप. शकुनजी सत्तरीच्या, पांढरी साडी, नाकावर चष्मा, आणि नजर अशी की बँकेत असत्या तर तपासणी विभाग त्यांच्या हाताखाली असता. ऋषभ पाठीमागे हात बांधून उभे होते. गौरीचा चेहरा इतका पांढरा पडला होता की मी मनातल्या मनात ध्रुपद धरलं.

लग्नाची पत्रिका आली. नावं हळूच उतरली, शेजारी शेजारी बसली आणि तिथेच राहिली. अन्नप्राशनाची आली. बाळाचं नाव रांगत आलं आणि थांबलं. मग शकुनजींनी स्टूल स्वतःकडे ओढलं.

"एक मैं लिखती हूँ," त्या म्हणाल्या.

एकेका बोटाने त्यांनी मजकूर टाइप केला. आम्ही मागे उभे राहून वाचत होतो. 'श्री विश्वंभरनाथ की पहली बरसी. घर आइए, पूड़ी खाइए, और उनका कोई क़िस्सा याद हो तो सुनाइए. रोना मना है.' पहिल्या वर्षश्राद्धाचं आमंत्रण होतं, आणि विश्वंभरनाथ म्हणजे त्यांचे यजमान, हे खोक्यांवर लावलेल्या, हार घातलेल्या फोटोखालच्या नावावरून मला कळलं. ऋषभ यांनी डोळे मिटून घेतले. गौरीने माझं मनगट धरलं.

पडदा बराच वेळ कोरा होता. मग एक ओळ उमटली. 'यह बरसी है, पर आपने रोना मना किया है. मैं ठीक से समझ नहीं पाया. अक्षर स्थिर रखूँ या चलने दूँ?'

शकुनजींनी ती ओळ दोनदा वाचली असावी. चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मला वाटलं, आता ही बाई आपल्याला सगळ्यांना हाकलणार.

"पूरे साल में किसी ने पूछा नहीं," त्या म्हणाल्या. आमच्याशी नव्हे, लॅपटॉपशी. मग गौरीकडे वळल्या. "चलने दो, बेटी. ये कभी एक जगह बैठे हैं? दुकान मैं देखती थी, ये ट्राम में घूमते थे."

गौरीने तसं लिहिलं. विश्वंभरनाथांचं नाव डावीकडून निघालं. सरळ आलं नाही. जरा वर गेलं, जरा रेंगाळलं, एकेक अक्षर आपल्या जागेवर येऊन बसलं. शेवटचा थ कुठेतरी मागे राहिला होता. तो आला सगळ्यात उशिरा, घाई नसल्यासारखा, आणि नावाला चिकटून थांबला.

शकुनजी हसू लागल्या. हसता हसता त्यांनी स्वतःचाच नियम मोडला, आणि कुणी तिकडे पाहिलं नाही. मग खोक्यांतून एक कोरी पत्रिका काढून त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, यही वाला. पूरे ख़ानदान को भेजो.

ऋषभ यांनी गौरीला हळूच सांगितलं की सोमवारी आल्या आल्या पक्क्या नेमणुकीचं पत्र घेऊन जा. तिने मान डोलावली, पण माझं मनगट काही सोडलं नाही.

मी जरा पुढे झालो. म्हटलं, गौरी, पत्रकात एक ओळ वाढवायला हवी. शेवटचं अक्षर उशिरा आणायचं असेल तर ते किती उशिरा, याबद्दल काही मार्गदर्शक तत्त्वं नाहीत. फार तर तीन परिच्छेद होतील.

"काका," गौरी म्हणाली, आणि एका हाताने लॅपटॉप मिटून पोटाशी धरला, "तुम्ही मला घरी जाताना सांगा. मी ऐकेन."

एस्प्लनेडहून बेहालापर्यंत बसला सव्वा तास लागला. तिने सगळं ऐकून घेतलं. लिहून मात्र एक शब्द घेतला नाही.